व्हय म्हणजे कबूल न्हाई

"टोपी दे इकडं," आबा म्हणाले.

गाडीची काच खाली होती. मी "व्हय आबा" म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या हातात दिली. मला वाटलं, बिल्ला बघायचा असेल. त्या दिवसांत आमच्या टोप्यांवर नवे बिल्ले लागले होते.

त्यांनी ती टोपी शेजारच्या सीटवर बसलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर ठेवली.

मोठं, पिवळसर कुत्रं. लॅब्रा म्हणतात तसलं. टोपी त्याच्या डोळ्यांवर आली. ते मान झटकायला लागलं तसं आबांनी एका हातानं टोपी दाबून धरली आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या लोकांना सांगितलं, "ह्याला ठिवा रे गेटवर. ह्यो मान्सं वळखतो. आन् ह्याची जातबी चांगली हाय."

सगळे हसले. उसाच्या ट्रॅक्टरवरचे ड्रायव्हर हसले. उसाच्या वजनकाट्यावरचा बाबू हसला. माझ्यासोबत ड्यूटीला असलेला भानुदास हसला, आणि तो तर माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता. मग टोपी खिडकीतून बाहेर आली, माझ्या बुटांपाशी पडली आणि गाडी गेली. डिकी न उघडता.

माझा गुन्हा एवढाच, की मी डिकी उघडायला सांगितली होती.

शेवगावच्या पुढे एक साखर कारखाना आहे. नाव सांगत नाही, प्रकरण अजून कोर्टात आहे. तिथं मी सुरक्षा रक्षक होते. कायम नोकरी. आधी माझं काम बायकांच्या डब्याच्या पिशव्या तपासायचं. पुढे मेन गेटला माणूस कमी पडला म्हणून मला तिथं उभं केलं. त्यातच स्टोअरमधले पितळी व्हॉल्व्ह गायब व्हायला लागले. आमचे साहेब लष्करातून निवृत्त झालेले, त्यांना सगळे सुभेदार साहेब म्हणायचे. त्यांनी आम्हाला रांगेत उभं करून दम भरला. "गाडी कुनाचीबी असू द्या. माझी असली तरी. डिकी उघडल्याबिगर भाईर सोडायची न्हाई." तोंडी हुकूम. आमच्याकडे सगळे हुकूम तोंडीच असतात, पुढं नाकारायला बरे पडतात. हे मला आता कळतं.

आबा कारखान्याचे संचालक. त्यांची गाडी आजवर कुणी थांबवली नव्हती. मी थांबवली. "आबा, डिकी तेवढी उघडता का," असं अगदी मऊ आवाजात म्हणाले. आम्ही बौद्ध. कारखान्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. माणसाचं नाव विचारतात, मग आडनाव विचारतात, तरी समाधान झालं नाही तर घर गावात कुठल्या अंगाला आहे ते विचारतात. त्यामुळे 'जातबी चांगली हाय' हे कुणाला उद्देशून होतं ते गेटवर सगळ्यांना समजलं. कुत्र्याला सोडून.

भानुदासनं टोपी उचलली, मांडीवर आपटून धूळ झाडली आणि माझ्यापुढं धरली. "घाल ताई. आबा गंमत करत्यात."

टोपीच्या आतल्या पट्टीला कुत्र्याचे केस चिकटले होते.

"न्हाई घालनार."

तेवढ्यात सुभेदार साहेब आले. कुणीतरी आधीच कानाला लागलं होतं. ते म्हणाले, "टोपी घाला." मी म्हणाले, "नवी द्या साहेब. ही मी घालनार न्हाई." ते म्हणाले, "हा हुकूम हाय." मी टोपीला हात लावला नाही. ड्यूटी सुटेपर्यंत तशीच बोडक्या डोक्यानं गेटवर उभी राहिले. मला इतका राग आला होता की उन्हाचं भान नव्हतं. टोपी केबिनच्या खिडकीत पडून होती. येणारा-जाणारा आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जात कोणाची काढली? कुत्र्याचीच ना?" मी म्हणाले, "साहेब, तुमाला कळतंय न्हवं ते काय म्हनाले." तो म्हणाला, "मला कळून काय उपयोग? साक्षीदार आणा." साक्षीदार सगळे हसणारे होते. मी घरी आले.

मग दोषारोपपत्र आलं. संचालकांची गाडी विनाकारण अडवली. त्यांच्याशी उद्धट भाषा वापरली. वरिष्ठांचा आदेश धुडकावला. आणि सगळ्यात शेवटी, गणवेशाची टोपी जमिनीवर टाकून गणवेशाचा अवमान केला. हे शेवटचं वाचून मला हसू आलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो टेम्पो चालवतो. तो हसला नाही. म्हणाला, "माफी मागून टाक. कायम नोकरी हाय. आपल्यात कुनाला हाय कायम नोकरी?"

खरं होतं ते. नोकरीच पणाला लागली होती. त्या नोकरीवर पतसंस्थेनं टेम्पोला कर्ज दिलं होतं. त्या नोकरीवर माझ्या लेकीची शाळा होती. नोकरी म्हणजे माझ्या गळ्यातलं ओळखपत्र. ते होतं म्हणून बँकेतला माणूस मला "बसा मॅडम" म्हणायचा.

इथं एक सांगते. आमचा धंदाच संशयाचा. पगार संशयाचाच मिळतो. बाई जरा जाड दिसली की संशय. पिशवी जड वाटली की संशय. कुणी नमस्कार जास्त वाकून केला तरी आम्ही त्याच्या हाताकडे बघायचो. इतकी वर्षं मी गोरगरिबांच्या डब्यात हात घालून भाकरीखाली काय आहे ते तपासलं. पण गोड बोलणाऱ्या माणसाच्या शब्दाखाली काय आहे ते तपासायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

चौकशी कारखान्याच्या गेस्ट हाऊसला ठेवली होती. मी तिथं फक्त दारात उभी राहिलेली. त्या दिवशी मला आत बोलावलं. गादीची खुर्ची दिली. चौकशी अधिकारी म्हणून नगरचे एक वकील नेमले होते. चष्मा, पांढरे केस, आवाज कीर्तनकारासारखा मधाळ. "या ताई. बसा. घाबरू नका. ही नुसती औपचारिकता असते." पंखा माझ्या बाजूला वळवला. चहा मागवला. कपबशीत. गेटवर आम्हाला चहा कागदी कपात मिळायचा, तोही आम्ही आणायचो तेव्हा.

मी खूश झाले. आता सांगताना अंगाची लाही होते, पण तेव्हा मला वाटलं, चला, एक तरी माणूस भेटला.

माझी बाजू सांभाळायला सोबती म्हणून भानुदास बसला होता. त्यानंच पुढं होऊन म्हटलं होतं, "म्या ऱ्हातो ताईबरुबर." तेही मला तेव्हा बरं वाटलं.

वकील साहेबांनी कागद हातात घेतला आणि एकेक आरोप वाचायला सुरुवात केली. सरकारी मराठी, लांबलचक. "आपण कर्तव्यावर असताना मा. संचालक यांचे वाहन कोणतेही सबळ कारण नसताना अडविले, बरं का ताई."

"व्हय," मी म्हणाले.

"तसेच त्यांच्याशी उद्धट व असभ्य भाषेत वर्तन केले, असं यांचं म्हणणं आहे, बरं का ताई."

"व्हय."

"तसेच वरिष्ठांचा आदेश जाणूनबुजून मोडला, बरं का ताई."

"व्हय."

"तसेच गणवेशाची टोपी जमिनीवर फेकली, बरं का ताई."

"व्हय, व्हय."

आमच्याकडे कुणी मोठं माणूस काही सांगत असलं की मधे मधे व्हय म्हणायचं असतं. नाहीतर त्यांना वाटतं, हिचं लक्ष नाही, हिला माज आलाय. सासू निरोप सांगत असली की व्हय. डॉक्टर औषध सांगत असला की व्हय. फोनवर भाऊ बोलत असला आणि मी गप्प राहिले तर तो विचारतो, "हायेस का गेलीस?" मग व्हय. त्याचा अर्थ एवढाच की माझा कान तुमच्याकडं आहे.

कोपऱ्यात मुलगी कॉम्प्युटरवर टाइप करत होती. साहेब तिला हळू आवाजात सांगत होते. "अपचारी, होय." मग पुढचा आरोप. "अपचारी, होय." अपचारी म्हणजे मीच, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं उपचाराचं काहीतरी असेल.

शेवटी कागद माझ्यापुढं आला. मी बारावी झालेय, वाचता येतं. प्रत्येक आरोपाखाली लिहिलं होतं, होय. साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही जे बोललात तेवढंच लिहिलंय. एक शब्द माझा नाही. बोललात ना होय?"

मी म्हणाले, "व्हय."

आणि सही केली. भानुदासनंही केली. त्यानं बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि म्हणाला, "झालं बघ ताई. उगं घाबरली हुतीस."

पुढच्या तारखेला माझं म्हणणं मांडायचं म्हणून मी मनाशी पाठ करून गेले. कुत्रं, टोपी, जात, सगळं क्रमानं. साहेबांनी हात वर केला. आवाज तितकाच मधाळ. "ताई, आता साक्षीपुराव्याचा प्रश्नच कुठं येतो? तुम्ही सगळं कबूल केलंय."

मी भानुदासकडं बघितलं. तो पंख्याकडं बघत होता.

थोड्या दिवसांनी बडतर्फीचा हुकूम घरी आला. ओळखपत्र जमा करायला गेले तेव्हा सुभेदार साहेबांना विचारलं, "साहेब, डिकीचा हुकूम तुमीच दिल्ता ना?" ते म्हणाले, "कसला हुकूम? लेखी हाय का?" केबिनच्या खिडकीपाशी नवा माणूस टोपी घालून उभा होता. गाडी आली की सलाम ठोकून गेट उघडत होता.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझं माहेर खर्ड्याकडचं. माझा आजा वेसकर होता. गावाची वेस राखायची, कोण आलं कोण गेलं बघायचं, पाटलानं हाक मारली की धावत जायचं आणि हात जोडून व्हय जी, व्हय मायबाप म्हणायचं. धर्मांतर झालं तेव्हा आज्यानं वेशीवरची काठी चुलीत घातली, असं वडील सांगायचे. काठी जळाली. घरातले देव गेले. मेलेलं ढोर ओढणं गेलं. पण 'व्हय' तेवढं राहून गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या बापाच्या तोंडातून ते माझ्या तोंडात आलं आणि मी ते गेस्ट हाऊसच्या गादीच्या खुर्चीत बसून चहासोबत देऊन आले.

हे तेव्हा मला कळलं नव्हतं. कळलं ते पुढं, माझी केस घेतलेल्या वकीलबाईंच्या टेबलाशी.

नगरला कामगार न्यायालयात दावा लावला. आता पाट्यांवर अहिल्यानगर लिहिलंय, एसटीतले कंडक्टर अजून नगरच ओरडतात. वकीलबाई तरुण होती, भरभर बोलायची. मी तिच्यावरही विश्वास ठेवला नाही. गेस्ट हाऊसनंतर मी कुणावरच ठेवत नव्हते. कुणी चहा पुढं केला की आधी वाटायचं, हा कशाचा? एकदा कोर्टाच्या कँटीनमध्ये ती कारखान्याच्या वकिलाशी हसून बोलताना दिसली. विकली गेली. बाहेर आल्यावर मी तिला तोंडावर विचारलं, "म्याडम, तुमी त्येंच्या का आमच्या?"

ती रागावली नाही. म्हणाली, "मी त्याच्याशी हसते. रोज इथंच यायचंय मला. उद्या त्याच्याच विरुद्ध उभी राहीन. तुम्ही माझ्यावर संशय घ्या, ताई, पण असा तोंडावर घ्या. मनात ठेवू नका." मला बरं वाटलं. पण संशय गेला नाही. तो मी तसाच ठेवला.

मग ती मला कारखान्याचं म्हणणं समजावून सांगायला लागली. "त्यांचं म्हणणं असं की तुम्ही संचालकांना शिवी दिली."

"व्हय."

"दिली?"

"न्हाई!"

"मग आता व्हय म्हणालात ते?"

"तुमचं ऐकत हुते ना म्याडम."

तिनं पेन खाली ठेवलं. मग पुढचा आरोप वाचला, मुद्दाम सावकाश. आणि माझ्या तोंडातून पुन्हा व्हय निघालं. मी स्वतःच ऐकलं ते. तोंडावर हात धरला. डोळ्यांसमोर गेस्ट हाऊस आलं, तो पंखा, ती कपबशी, साहेबांचं ते 'बरं का ताई'. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बरं का ताई' म्हणून ते थांबत होते. का थांबत होते? ते काही लंडनहून आले नव्हते. याच जिल्ह्यातले. त्यांच्या घरी धुणंभांडी करणारी बाईसुद्धा अशीच व्हय म्हणत असणार. तो माणूस थांबायचा, मी व्हय म्हणायचे, आणि तो ते उचलून घ्यायचा.

मी तिथंच रडले. दुःखानं नाही. इतक्या स्वस्तात फसले याचा संताप आला होता.

"रडू नका," वकीलबाई म्हणाली. "हे कोर्टात सांगायचंय. पण एक करावं लागेल. पिंजऱ्यात उभ्या राहिल्यावर ऐकताना व्हय म्हणायचं नाही. एकदा जरी निघालं तरी कारखान्याचा वकील तेच लिहून घ्यायला लावेल."

म्हणायला सोपं. मी घरी सवय करायला लागले. लेकीला सांगितलं, मी फुकटचं व्हय म्हटलं की टाळी वाजव. घरभर टाळ्याच टाळ्या. सासू म्हणाली, "म्या एवढी बोलतीय आन् ही दगडावानी बसलीय. नोकरी गेली तरी मिजास गेली न्हाई." मी म्हणाले, "आत्या, ऐकतीय मी." तिला ते उद्धट वाटलं. शेजारणींनाही वाटलं. मला पहिल्यांदा कळलं, की आपलं नुसतं गप्प बसणंसुद्धा लोकांना सोसत नाही.

उलटतपासणीच्या दिवशी कारखान्याचे वकील पुढं आले. तेही गोडच. गोड माणसांचा दुष्काळ नाही आपल्याकडं. "ताई, बारावी झालाय तुम्ही. शिकलेल्या आहात, बरं का."

जिभेच्या टोकावर आलं. गिळलं.

"होय आणि नाही यातला फरक तुम्हाला कळतो."

"कळतो."

"तुम्ही चौकशीत प्रत्येक आरोपाला होय म्हणालात. कुणी तुमच्यावर बंदूक रोखली नव्हती. तुम्हाला खुर्ची दिली, चहा दिला. तुमच्या पसंतीचा सोबती दिला, असं असताना आता तुम्ही पैशाच्या लोभानं खोटं सांगताय, बरं का ताई."

ते थांबले. अगदी तसेच. सगळं कोर्ट थांबलं. जज साहेबांचं पेन थांबलं. माझ्या घशात ते 'व्हय' धडका मारत होतं, दारावर लाथा घालणाऱ्या जनावरासारखं. पिंजऱ्याचं लाकूड मी घट्ट धरलं.

"ऐकलं," मी म्हणाले. "खोटं हाय."

त्यांनी पुढचं विचारलं. "ऐकलं. खोटं हाय." आणखी पुढचं. "ऐकलं. खोटं हाय." मग ते चिडले आणि आवाजातला मध संपला. म्हणाले, "पोपटासारखं काय बोलताय? आधी होय, आता खोटं! तुमच्या लोकांना कायदा फार कळायला लागला." जज साहेबांनी त्यांना तिथंच थांबवलं आणि ते शेवटचं वाक्य मागे घ्यायला लावलं. मागे घेतलं त्यांनी. पण बाहेर पडलंच होतं. कोर्टात बोलले तेवढ्यावर मी त्यांना ओळखलं. आबांच्याच गाडीतले.

मग मी सांगितलं. मोठ्या माणसापुढं व्हय का म्हणतात ते. आज्याचं सांगितलं. वकीलबाईनं सांगायला सांगितलं नव्हतं, तरी सांगितलं. शेवटापर्यंत सांगितलं.

काही महिन्यांनी निकाल आला. पूर्ण नाही, अर्धा. कोर्टानं म्हटलं, ही चौकशी न्याय्य नव्हती. आरोप समजावून न सांगता कबुली घेतली, ती कबुली धरता येणार नाही. मी उडीच मारली असती. पण वकीलबाईनं पुढचं सांगितलं. कारखान्याला आता कोर्टासमोर नव्यानं आरोप सिद्ध करायची संधी मिळणार. म्हणजे चौकशी पडली, बडतर्फी अजून उभी. म्हणजे सगळे साक्षीदार येणार. सुभेदार, काट्यावरचा बाबू, भानुदास. सगळे हसणारे.

त्याच सुमारास नवऱ्याच्या टेम्पोला भाडी मिळायला लागली. रोज. बारदान, स्पेअर पार्ट, कधी गेस्ट हाऊसचा किराणा. तो खुशीत होता. घरात शिट्टी वाजवायचा. मी विचारलं, "कुठली भाडी ही?" तो म्हणाला, "हैत इकडची तिकडची." मी टेम्पोच्या हौद्यात वाकून बघितलं. फळीच्या फटीत साखरेचे दाणे. गेटवर उभं राहून इतकी वर्षं हेच तर केलं होतं.

"कारखान्याची हैत."

"मग? काम हाय. चोरी न्हाई."

"दिली कुनी?"

त्यानं हौद्याची फळी वर करून कडी लावली. मग म्हणाला, "आबानं."

नवऱ्यावर संशय घेणं फार वाईट असतं. एकाच ताटात जेवायचं आणि मनात म्हणायचं, हा कुणाचा? त्या दिवशी मी जेवले नाही.

दोन-चार दिवसांनी भानुदास घरी आला. सोबत पेढ्यांचा पुडा. खुर्चीत न बसता खाली सतरंजीवर बसला, आपुलकी दाखवायला. आबांचा निरोप घेऊन आला होता. कारखान्याच्या दवाखान्याच्या दारात काम द्यायला तयार आहेत. ठेकेदाराकडून, नव्यानं. मी दावा मागे घ्यायचा. आणि एका कागदावर लिहून द्यायचं की टोपी माझ्याच हातून पडली, कुत्र्याचं काही घडलं नाही.

"आबा लई मोठ्या मनाचे हैत," तो म्हणाला. "तुज्यासाठी म्या शब्द टाकला. ह्या टेम्पोचंबी कायमचं बघत्याल. कोर्टकचेरीत म्हातारी हुशील, ताई. आन् उद्या म्या उभा ऱ्हायलो साक्षीला, तर मला काय सांगावं लागंल, तुला ठावं हाय. माजंबी पोट हाय."

मी ऐकत होते. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. सासू आतून ऐकत होती. भानुदास थांबला. वाट बघत राहिला. नवरा हळूच म्हणाला, "व्हय म्हन की."

त्या दोघांना वाटत होतं, नुसता एक शब्द तर आहे. तोंडातून हवा गेल्यासारखा. आयुष्यभर उठता-बसता म्हटलेला. आज म्हटला तर टेम्पो चालेल, लेकीची फी जाईल, घरात शिट्टी वाजेल. आणि टोपी माझ्या हातून पडली असं होईल. कुत्रं नव्हतंच असं होईल. गेटवर कुणी हसलंच नाही असं होईल. माझ्यासोबत जे झालं ते झालंच नाही, हे मीच सही करून द्यायचं.

"भानुदास," मी म्हणाले, "तू त्या दिवशी हसलास का न्हाईस?"

तो पेढ्यांच्या पुड्याची गाठ सोडायला लागला.

"सांग की. इथं कोन लिहून घेत न्हाई."

"ताई, आबाच्या म्होरं..."

"हसलास का न्हाईस?"

"व्हय," तो म्हणाला. अगदी बारीक आवाजात. ते व्हय खरं होतं. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं खरं.

"हेच कोर्टात सांग. न्हाई सांगितलंस तर म्या इचारायला लावीन. पेढे घिऊन जा. आबाला सांग, ऐकलं. कबूल न्हाई."

भाडी बंद झाली. दुसऱ्या दिवसापासूनच, म्हणजे माझा संशय खरा होता. नवरा महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. टेम्पो दारात उभा असतो आणि तो आता धान्याच्या मोंढ्यावर दुसऱ्याच्या गाड्या भरतो. पतसंस्थेचा माणूस दारात येतो तेव्हा मीच पुढं होते. मी आता शेवगावला एका कपड्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या सांभाळते. मालकानं टोपी दिली होती. नको म्हटलं.

मला कुणी सांगू नये की शेवट गोड होईल. मला ठाऊक नाही. भानुदास खोटं बोलेल असं मला वाटतं. सुभेदार तर बोलणारच. वकीलबाई चांगली आहे, पण तिच्यावर माझं लक्ष असतं. जज साहेबांची बदली होईल म्हणतात. नवे येतील, ते कसे असतील कुणास ठाऊक. मी कुणावर भरवसा ठेवून इथवर आलेले नाही. आबांच्या साक्षीची पाळी येईल तेव्हा वकीलबाई त्यांना एकच विचारणार आहे, ते मी तिच्याकडून घोटून घेतलंय. कुत्र्याची जात चांगली, मग वाईट कुणाची? त्यांनी उत्तर द्यावं. कोर्टात, सगळ्यांसमोर, त्यांच्या तोंडानं. तोवर मी येत राहणार. इथून नाही झालं तर वरच्या कोर्टात जाईन.

परवा तारीख होती. बाकावर समोर भानुदास बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, शेजारी कारखान्याचे वकील. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. शिपायानं दारात येऊन माझं नाव पुकारलं. मोठ्यानं, पूर्ण, आडनावासकट. आमच्या लोकांची सवय, नाव पुकारलं की उठत उठत व्हय जी म्हणायचं.

मी उठले. साडी नीट केली.

"हाय," मी म्हणाले. "मी हितंच हाय."